इगर्जीशेजारची शाळा

गोव्यात मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की घरात शाळेचा विषय निघतो आणि पहिले नाव येते ते गावच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेचे. घर ख्रिस्ती असो वा हिंदू वा मुसलमान, यात फारसा फरक पडत नाही. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या २५ टक्क्यांच्या आसपास आहे. पण तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, कुठल्याही पॅरिश शाळेची हजेरीपत्रके उघडली तर नाईक, गावकर, शेख, फर्नांडिस अशी सगळी आडनावे शेजारी शेजारी सापडतात. आईबाप आपसात बोलतात ते माध्यमाबद्दल, फीबद्दल, चौथीनंतर कुठे जायचे याबद्दल, आणि कधी थोड्या दबक्या आवाजात धर्मशिक्षणाबद्दल. यांतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न या शाळेच्या वाटचालीतल्या कुठल्या ना कुठल्या वळणावर जन्मलेला आहे. म्हणून ती वाटचाल माहीत असलेली बरी.

सुरुवात सोळाव्या शतकात होते. अफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला १५१० साली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत धर्मप्रसाराने वेग घेतला आणि १५४५च्या सुमारास मिगेल वाज या व्हिकार-जनरलच्या पुढाकाराने चर्चला जोडून शाळा काढण्याचे धोरण आले. वाचन, लेखन, आकडेमोड, ख्रिस्ती सिद्धांत आणि संगीत असा तिथला अभ्यास होता. हेतू लपवलेला नव्हता. नव्याने धर्मांतर झालेल्या घरांतली मुले नव्या धर्मात रुजावीत, त्यांना प्रार्थना यावी, मिस्साला गाता यावे, यासाठी ती शाळा होती. तिच्यामागे सत्तेचा जोर होता आणि तो किती निष्ठुर होता हे सांगायला एकच कायदा पुरे. १५५९ साली आदेश निघाला की, अनाथ झालेली हिंदू मुले जेझुइटांच्या सांव पावलू कॉलेजच्या हवाली करून त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे. मूल कुणाचे आणि त्याने काय शिकायचे हे कोण ठरवणार, या प्रश्नाचे त्या काळातले उत्तर इतके उघड होते. पुढच्याच वर्षी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. पॅरिश शाळेबद्दल आज आदराने लिहितानाही ही पाने गाळून पुढे जाता येत नाही.

पण त्याच शाळेत भाषेची एक वेगळी धारही वाहत होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि उरलेल्या आयुष्याचा बराच भाग सासष्टीत घालवून १६१९ मध्ये वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. मराठी ओवीत बांधलेला हा ग्रंथ चर्चमध्ये वाचला जाई आणि लोक तो ऐकायला बसत. त्याचीच कोंकणीतली ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तरी त्याच्या पश्चात, १६२२ मध्ये छापली गेली. धर्म शिकवायचा तर लोकांच्या भाषेत शिकवावा, ही जाण या माणसांना होती. सहा दशकांनी वारे फिरले. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. फर्मानाने भाषा मरत नसते, आणि कोंकणी मेली नाही. तरी शाळेतून मात्र ती हळूहळू हद्दपार झाली. चूल, शेत, बाजार आणि देवाची प्रार्थना कोंकणीत, पाटीवरची अक्षरे मात्र पोर्तुगीज, अशी जी फाळणी तेव्हा पडली ती गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसली.

या शाळेने दिलेली सर्वांत मोठी देणगी मात्र अक्षरांची नव्हती, सुरांची होती. पॅरिश शाळेचा शिक्षक म्हणजे ‘मेस्त’. चर्चमधले गायन, वादन, शाळेतले सोल्फ, सणासुदीला बँड आणि जमल्यास मुळाक्षरे, अशी त्याची सगळी कामे. बऱ्याच गावांत त्याचा पगार चर्चच्या निधीतून किंवा गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदादीच्या, उत्पन्नातून निघे. मुले आधी ‘दो रे मी’ वाचायला शिकत आणि मग बाकीचे. व्हायोलिन हातात येई ते सहा-सात वर्षांच्या वयात. जेझुइटांना १७५९ मध्ये पोर्तुगीज प्रदेशातून हाकलले, १८३०च्या दशकात इतर धर्मसंघही बंद झाले, तरी मेस्त टिकला, कारण त्याला गाव पोसत होते. सरकारी प्राथमिक शाळा १८३१ पासून आणि पणजीचे लिसेव १८५४ मध्ये सुरू झाले, तेव्हाही गावातल्या साध्या मुलाची शाळा हीच राहिली. तिथे शिकलेल्या किती जणांना पुढे पोर्तुगीज नीट लिहिता आले असेल याची शंका आहे. पण स्वरलिपी वाचता येणारी माणसे या शाळांनी गावोगावी तयार केली.

ही माणसे पोटासाठी मुंबईला आली. धोबीतलावच्या परिसरातल्या आपापल्या गावांच्या कुडींत, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, उतरली. कुणी पोलिस बँडमध्ये गेले, कुणी हॉटेलांत, कुणी मूकपटांसमोर वाजवायला, आणि बोलपट आल्यावर स्टुडिओत. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि गोंयकार वादकाने ती तिथल्या तिथे कागदावर उतरवून चाळीस जणांत वाटून द्यावी, ही पद्धत हिंदी चित्रपटसंगीताचा कणा बनली. सी. रामचंद्रांसोबत ‘अलबेला’त काम करणारा चिक चॉकलेट हा हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांनी आपल्या या गुरूचे नाव गाण्यात गुंफून ठेवले. ज्या मराठी घरांत आजही जुनी गाणी लागतात, त्यांनी त्या व्हायोलिनच्या फळीमागे एका गावठी पॅरिश शाळेचा पडवीतला वर्ग बसला आहे, हे लक्षात ठेवावे. आज मुलासाठी शाळा पाहणारे आईबाप संगीताच्या तासाबद्दल क्वचितच विचारतात, याचे मला वाईट वाटते.

मुंबईने आणखी एक गोष्ट घडवली. पोर्तुगीज शिकून गोव्यात मिळायची ती मोजकी कारकुनी. ब्रिटिश मुंबईत, कराचीत, आफ्रिकेत, बोटींवर नोकरी मिळायला लागे इंग्रजी. घरी मनिऑर्डर पाठवणाऱ्या बापाला हे सर्वांत आधी कळले. १८८७ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी बार्देशात सेंट जोसेफ हायस्कूल काढले. गोव्यातल्या इंग्रजी शाळांच्या परंपरेचे हे मूळ, आणि ही शाळा पुढे हडफड्याला नांदली. नंतर साळगावची मातेर देई, म्हापशाची सेंट ब्रिटो अशा शाळा उभ्या राहिल्या आणि मुले मुंबईच्या मॅट्रिकला बसू लागली. पोर्तुगीजांच्या राज्यात, पोर्तुगीज सरकारची भाषा बाजूला ठेवून, पालक पदरचे पैसे भरून इंग्रजी शिकवत होते. या साडेचारशे वर्षांच्या कथेत आईबापांनी स्वतःहून घेतलेला पहिला मोठा निर्णय मला हा वाटतो. त्याला कुठले फर्मान नव्हते. घरखर्चाचा हिशेब होता.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा पोर्तुगीज राज्यातून मुक्त झाला आणि सगळे पुन्हा मांडावे लागले. पोर्तुगीज माध्यम संपले. दयानंद बांदोडकर १९६३च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, बहुतेक मराठीतून. डोंगरपट्ट्यातल्या, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांच्या, कष्टकऱ्यांच्या कितीतरी घरांत पहिली शिकलेली पिढी या शाळांनी दिली. त्यांचे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. ख्रिस्ती समाजाला मात्र मराठी शाळेत विलीनीकरणाची सावली दिसत होती. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात जायला नकार दिला, तरी मनातली ती सावली लगेच गेली नाही. चर्चच्या प्राथमिक शाळा इंग्रजीकडे वळल्या. एकाच गावात सरकारी मराठी शाळा आणि चर्चची इंग्रजी शाळा अशा दोन वाटा पडल्या, आणि कुठले मूल कुठल्या वाटेने जाते यावरून पुढे त्याचा धर्म आणि बापाची ऐपतही ओळखू येऊ लागली. हे गोव्याच्या हिताचे नव्हते.

मग राजभाषा कुठली यावरून आंदोलन पेटले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा आणि मराठीला सरकारी कामकाजात स्थान, असा तो तोडगा. ३० मे १९८७ला गोवा राज्य झाले. आणि १९९० साली शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी असा निर्णय घेतला की, प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवे असेल तर शिकवणे कोंकणीत किंवा मराठीत झाले पाहिजे. इंग्रजीला अनुदान बंद.

या क्षणी चर्चने जे केले ते फारसे कुणाला अपेक्षित नव्हते. आर्चबिशप राऊल गोन्साल्विस यांच्या काळात धर्मप्रांताने आपल्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळा कोंकणी माध्यमात नेल्या. शिक्षकांचे पगार अनुदानावर चालत होते हे कारण होतेच. पण तीनशे वर्षांपूर्वी जी भाषा शाळेबाहेर घालवली गेली तिला पुन्हा आत घ्यावे, असे मनापासून वाटणारे पाद्री आणि शिक्षकही त्यात होते. आईच्या भाषेतून पहिली चार वर्षे शिकावे, हे तत्त्व मला पूर्ण पटते. कमी पडली ती तयारी. शिक्षक इंग्रजीतून शिकवायला तयार झालेले. पुस्तके देवनागरीत, आणि त्यांतली कोंकणी बरीचशी अंत्रुजी, म्हणजे फोंड्याकडच्या, वळणाची. सासष्टीतल्या ख्रिस्ती घरात मात्र प्रार्थनेचे पुस्तक, साप्ताहिक, तियात्र या कोंकणी नाटकाची जाहिरात सगळे रोमी लिपीत. नातवाचे पुस्तक हातात घेतल्यावर शाणी माय, म्हणजे आजी, ते वाचू शकत नसे. गृहपाठाला मदत करणारे घरात कुणी उरले नाही. वर चौथीपर्यंत ‘बेरीज’ आणि ‘वजाबाकी’ म्हणत आलेले मूल पाचवीत त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेले की एकदम इंग्रजीत विज्ञान आणि गणित! शिक्षक बिचारे दोन्हीकडून ओढले जात. काही वर्गांत फळ्यावर कोंकणी आणि तोंडी इंग्रजी असा कारभार वर्षानुवर्षे चालला, हे पालकांनाही माहीत होते आणि तपासनीसांनाही.

पैसेवाल्या घरांनी मार्ग काढला. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत फी भरली आणि मुले तिथे घातली. गावच्या पॅरिश शाळेत राहिली ती ताडी काढणाऱ्या रेंदेराची, मासे विकणारणीची, मोलकरणीची, परप्रांतातून आलेल्या गवंड्याची मुले. भाषाप्रेमाची परीक्षा फक्त गरिबांनी द्यायची, असा त्याचा अर्थ झाला. १९९०च्या धोरणाचा खरा दोष मी इथे मानतो. भाषेच्या चळवळीत पुढे असलेल्या अनेक घरांतली मुले इंग्रजी शाळांत जात होती हे गावात सर्वांना दिसत होते, आणि लोक ते विसरत नसतात.

वीस वर्षांनी पालक रस्त्यावर आले. २०११ साली दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाची दारे उघडली. लगेच भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, मोर्चे निघाले, बंद पाळले गेले. दुसऱ्या बाजूला इंग्रजीची मागणी करणारे पालकही संघटित झाले. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सत्तेवर आले. ते स्वतः मडगावच्या जेझुइटांच्या लॉयोला हायस्कूलचे विद्यार्थी. त्यांनी मधला तोडगा काढला: ज्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा इंग्रजीकडे वळल्या होत्या त्यांचे अनुदान चालू, नव्या इंग्रजी शाळांना मात्र ते नाही. चर्चच्या सव्वाशेच्या आसपास शाळा यात आल्या. या तोडग्यावरून २०१६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी बंड केले, ३१ ऑगस्टला संघाने त्यांना त्या पदावरून दूर केले, त्यांनी पक्ष काढला आणि २०१७च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. मतदारांनी काय कौल दिला हे ज्याचे त्याने ठरवावे. अनुदान मात्र राहिले.

त्या तोडग्याचा एक परिणाम आजच्या पालकांना रोज भोगावा लागतो. अनुदानित इंग्रजी प्राथमिक शाळा मुख्यतः चर्चकडेच आहे. म्हणजे हिंदू घरातल्या कमी उत्पन्नाच्या आईबापांनाही कमी पैशांत इंग्रजी हवे असेल तर तोच दरवाजा. प्रवेशाला रांग लागते, आणि जागा कमी पडल्या की आधी पॅरिशमधली मुले का, अशी कुजबुज सुरू होते. तिकडे सरकारी मराठी शाळांत पट घसरत जाऊन वर्ग एकत्र होतात, शाळा बंद पडतात. अनुदान शाळा चालवणाऱ्याकडे पाहून द्यायचे की शिकणाऱ्या मुलाकडे पाहून, हा प्रश्न गोव्याने टाळला आहे. माझे मत स्पष्ट आहे, ते मुलाकडे पाहून द्यावे. आणि शाळा कुठलीही असो, मातृभाषेचा तास तिथे कसून झाल्याशिवाय ते देऊ नये.

कायद्याच्या बाजूने आता पालकांची स्थिती अशी. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. कर्नाटकच्या प्रकरणात म्हटले की, प्राथमिक वर्गांत मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, तो निर्णय पालकांचा. दुसऱ्या, प्रमती प्रकरणात ठरले की, २००९चा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. त्यामुळे २५ टक्के राखीव जागांचा नियम पॅरिश शाळांवर येत नाही. या दुसऱ्या निकालाबद्दल १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी शंका नोंदवून प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे असे म्हटले, तेव्हा हे चित्र कायमचे धरू नये. धर्मशिक्षणाबद्दल मात्र संदिग्धता नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३)प्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. चर्चच्या शाळांत रूढ पद्धत अशी की, कॅथलिक मुले कॅटेकिझमला बसतात आणि त्या वेळात बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास होतो. कलम २९(२)प्रमाणे अनुदानित शाळा केवळ धर्माच्या किंवा जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही; कलम ३० अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क देते. या दोन कलमांचा ताण न्यायालयांनी अनेकदा तोलला आहे. आपल्या समाजाची मुले आधी घेण्याची मुभा चर्चच्या शाळेला काही प्रमाणात आहे, हे इतर पालकांनी समजून घ्यायला हवे.

हे सगळे फक्त गोव्यापुरते नाही. वसईच्या पट्ट्यातही चर्चच्या शाळा आहेत, आणि तिथल्या ख्रिस्ती समाजाची लेखणी मराठी आहे. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या सेंट जोसेफ मराठी शाळेत शिकले. कॅथलिक शाळेतून असा मराठी लेखक येऊ शकतो, ही गोष्ट चर्चची शाळा म्हणजे इंग्रजी असे धरून चालणाऱ्या पालकांना आणि व्यवस्थापनांनाही सांगावीशी वाटते. तिकडेही पालकांचा ओढा इंग्रजीकडेच आहे.

मी गोव्यातल्या अनेक आईबापांना शाळा निवडताना पाहते. इमारत, निकाल, शिस्त, ‘सिस्टर किती कडक आहेत’ यावर बोलणे होते. शिस्तीचे कौतुक मला फार वाटत नाही. पॅरिश शाळेचे खरे बळ तिच्या गावपणात आहे. शिक्षिका मुलाच्या घरच्यांना ओळखते, कुणाची आई आखातात आहे, कुणाचा बाप बोटीवर आहे हे तिला ठाऊक असते, आणि वाडीवरून चालत येता येते. बसमध्ये तास घालवून दूरच्या चकचकीत शाळेत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला हे मिळत नाही. उणे बाजू अशी की, पहिलीच्या वर्गात घरी इंग्रजी अजिबात न ऐकलेली मुले असतात, आणि त्यांना इंग्रजी ऐकवण्या-बोलवण्याआधीच लिहायला लावले जाते. पाठांतर होते, समज मागे राहते. १९९०ला कोंकणीच्या बाबतीत तयारीविना जी उडी मारली गेली, तीच २०११ नंतर उलट दिशेने मारली गेली. फरक इतकाच की, या वेळी पालकांनी ती स्वतः मागितली होती. म्हणून तिची जबाबदारीही त्यांच्यावर येते.

तेव्हा येत्या प्रवेशाला अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापिकेची वेळ घ्या आणि तिसरीच्या मुलांच्या वह्या पाहायला मागा. उतारा फळ्यावरून उतरवलेला आहे की मुलाने स्वतः लिहिलेला, हे पानावर लगेच कळते. पहिलीला कोण शिकवते आणि ती शिक्षिका मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलते का, ते विचारा. कोंकणी किंवा मराठीचे आठवड्याला किती तास होतात आणि ते परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्या विषयाला दिले जातात का, हेही विचारा. धर्मशिक्षणाबद्दल मनात काही असेल तर संमतीचा प्रश्न आधीच मोकळेपणी बोला. बहुतेक मुख्याध्यापक तितक्याच मोकळेपणी उत्तर देतात. आणि प्रवेश मिळाल्यावर पालक-शिक्षक संघाच्या सभेला जा. तिथे आज बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात.